बाईंची तीन मतं

मागच्या दिवाळीत नात आली होती पुण्याहून. राज्यशास्त्रात एम.ए. करतेय. कपडे कमी आणि पुस्तकंच जास्त, अशी तिची बॅग! दुपारी मी लसूण सोलत बसले होते, तर शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आजी, तू नागरिकशास्त्र शिकवायचीस ना? मग सांग बघू, दबावगट म्हणजे काय?"

पस्तीस वर्षं शिकवलेलं. घडाघडा म्हणून दाखवलं. "समान हितसंबंध असलेल्या लोकांनी, स्वतः सत्तेवर न येता, सरकारच्या निर्णयावर प्रभाव पाडण्यासाठी केलेली संघटना म्हणजे दबावगट." वर 'राजकीय पक्ष आणि दबावगट यांतील फरक' हेही चार मुद्द्यांत सांगून टाकलं. दोन-दोन गुणांचे हमखास प्रश्न होते हो ते.

"आणि उदाहरणं?"

"कामगार संघटना, व्यापारी संघटना, विद्यार्थी संघटना..."

"ती पुस्तकातली. तू स्वतः कुठल्या दबावगटात होतीस?"

"मी? मी कशाला असेन बाई कुठल्या दबावगटात! मी आपली शिक्षिका."

ती हसली. "अगं, शिक्षक संघटनेची पावती फाडत होतीस ना दरवर्षी?"

विषय हसण्यावारी गेला. पण मंडळी, त्या रात्री मला झोप लागेना. एक जुनी गोष्ट आठवली. घरातही कुणाला कधी सांगितली नव्हती. आज लिहून टाकते.

ज्यांना आमचं गाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वडनेर भोलजी, तालुका नांदुरा, जिल्हा बुलढाणा. मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मध्ये, थेट हायवेवर. मुंबईहून नागपूरमार्गे कोलकात्याला जाणारा हा रस्ता. तेव्हा त्याला सहा नंबर म्हणायचे, आता त्रेपन्न म्हणतात. म्हातारी माणसं अजून सहा नंबरच म्हणतात. उत्तरेला पूर्णा नदीकडे गेलं की खारपाणपट्टा सुरू होतो. विहिरीला पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. आणि जमीन कापसाची.

साल १९८६. कापसाच्या भावाचं आंदोलन विदर्भ-मराठवाड्यात पेटलं होतं. तरुण वाचकांना कदाचित माहीत नसेल, १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्यानं कापूस सरकारी योजनेतच घालायचा, बाहेर विकला तर गुन्हा. ग्रेडर म्हणेल ती प्रत आणि चुकारे मिळतील तेव्हा मिळतील. मलकापूरहून बऱ्हाणपूर काही फार लांब नाही, पण ते दुसऱ्या राज्यात! घरचा कापूस तिकडे नेला की शेतकरी चोर ठरायचा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं हाच प्रश्न हातात घेतला होता. त्याच डिसेंबरात सुरेगावला (आताच्या हिंगोली जिल्ह्यात) पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले.

आमच्या हायवेवरही रास्ता रोको झाला. बंड्या आडव्या लावलेल्या, ट्रकांची रांग लागलेली. आमच्या शाळेत तेव्हा घटक चाचणी चालू होती. नववीतला एक मुलगा (नाव लिहीत नाही, आता तो नातवंडांचा धनी आहे) तीन दिवस आलाच नाही. चौथ्या दिवशी आला. विचारलं तर म्हणाला, "बाबासंग रस्त्यावर होतो." मी त्याला दिवसभर वर्गाबाहेर उभं केलं आणि सांगितलं, "उद्या वडिलांना घेऊन ये, तरच वर्गात बस."

वडील आले. धोतर, टोपी, खांद्यावरच्या उपरण्याला कापसाचं तूस चिकटलेलं. मी शिक्षकांच्या खोलीत बसले होते. जरा तोऱ्यातच विचारलं, "मुलाचं शिक्षण महत्त्वाचं की तुमचं रस्ता अडवणं?"

ते शांतपणे म्हणाले, "दोनीबी महत्त्वाचं हाय बाई." मग थोडं थांबून, "तुमी संपावर गेल्त्या तवा माह्या मोठ्या पोराची शाळा दीड-दोन मयने बुडाली होती. आमी आल्तो का तुमाले इचाराले?"

मला उत्तर सुचलं नाही. 'ते वेगळं' असं काहीतरी म्हटलं आणि मुलाला वर्गात पाठवून दिलं. काय वेगळं होतं ते मात्र मला त्या दिवशी सांगता आलं नाही, आणि नंतर मी त्याचा विचारही केला नाही.

ते म्हणत होते तो संप १९७७-७८ चा. राज्यातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक, चोपन्न दिवस! केंद्राइतका महागाई भत्ता मिळावा ही मागणी. मी सव्वीस वर्षांची, नोकरीला लागून तीन-चार वर्षं झालेली. मोर्चात घोषणा दिल्या होत्या, अभिमान वाटला होता. मुलांचं नुकसान होतंय हे कळत होतं, पण आपली मागणी न्याय्य आहे हेही पटत होतं. तेव्हा मला कुणी वर्गाबाहेर उभं केलं नव्हतं.

तर नातीनं मला दबावगटाचं उदाहरण विचारलं तेव्हा मला द्यायला हवं होतं ते हे. एकाच शाळेतली दोन उदाहरणं, एक खुर्चीवर बसलेलं आणि एक समोर उभं.

दुसऱ्या दिवशी मी नातीला हे सगळं सांगितलं. तिनं नाही म्हटलं, हो म्हटलं नाही, फक्त विचारलं, "आजी, तेव्हा तुला मतं किती होती?"

"मतं किती म्हणजे? एक माणूस, एक मत. बाबासाहेबांची घटना."

"मोज की."

मोजली. विधानसभा-लोकसभेचं एक, ते सगळ्यांनाच. मी पदवीधर, म्हणून विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात दुसरं. माध्यमिक शाळेत शिक्षिका, म्हणून शिक्षक मतदारसंघात तिसरं. संविधानाच्या १७१ व्या कलमात तशी तरतूदच आहे. विधान परिषदेच्या एक-बारांश जागा शिक्षकांनी निवडायच्या, एक-बारांश पदवीधरांनी. आपल्याकडे ७८ पैकी सात आणि सात. हे कलम मी मुलांना शिकवलेलं आहे! पण त्याचा अर्थ असा कधी लावला नव्हता की बाईंना तीन मतं आणि समोर उभ्या असलेल्या कास्तकाराला एक. शिवाय बाईंची संघटना वेगळी, तिची कचेरी वेगळी, आणि बाईंचा प्रश्न सभागृहात मांडायला खास निवडून दिलेला आमदार वेगळा.

तुम्ही म्हणाल, शेतकऱ्यांना काय कमी आमदार? विधानसभेत तर निम्म्याहून जास्त शेतकऱ्यांचीच पोरं. मीही तेच म्हटलं. मग नातीनं तिच्या बॅगेतली पुस्तकं काढली आणि आमच्या घरी दोन दिवस पुणे विद्यापीठच भरलं म्हणा ना.

तिच्या बोलण्यात एक नाव सारखं यायचं, प्राध्यापक सुहास पळशीकर. नाव मला वर्तमानपत्रातल्या लेखांमुळे माहीत होतं. निवडणूक आली की त्यांचा लेख असायचा, आणि कोण जिंकणार हे त्यात बहुधा नसायचंच, म्हणून मी अर्ध्यात सोडून द्यायची. खरं सांगते! आता कळलं की या माणसानं पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागात आयुष्य घातलं ते 'कोण जिंकणार' यासाठी नव्हे. कोण भाग घेतो, कोण घेऊ शकत नाही, कुणाचं म्हणणं वर पोचतं आणि कुणाचं वाटेतच राहतं, यासाठी. त्यांच्या जोडीला त्याच विभागातले प्राध्यापक राजेंद्र व्होरा. ते २००८ साली गेले. दोघांनी मिळून मराठीत 'राज्यशास्त्र कोश' केला. माझ्यासारख्या मराठीतून बी.ए. झालेल्या बाईला इंग्रजी शब्दांची भीती वाटू नये म्हणूनच जणू. माझ्या नोकरीच्या काळात तो हाताशी असता तर दबावगट जरा बरा शिकवला असता.

व्होरा सरांचं 'मुळशी सत्याग्रह' हे पुस्तक नातीनं मला ठेवून दिलं, ते मी वाचतेय. मुळशीचा लढा आपल्याला माहीत असतो तो सेनापती बापटांमुळे. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध मावळातले लोक बसले. मुंबईला वीज हवी होती आणि जमीन यांची बुडणार होती. पुढे इंग्रजीत त्यांनी त्याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलं. पण मला त्यातली एक गोष्ट फार लागली. धरणाला विरोध करणारे सगळे बाहेरून एक दिसत होते, तरी सगळ्यांचं हित एक नव्हतं. ज्याच्या नावावर जमीन, त्याला मोबदल्याचा विचार करता येतो. जो ती कसतो, त्याच्या हातात काय पडतं? आमच्या नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगावचं धरण होतंय, गावं उठताहेत. पुनर्वसनाच्या गोष्टी कानावर येतात तेव्हा मी आता विचारते, हे सातबारावाले बोलताहेत की शेतमजूर? पूर्वी हा प्रश्न मला पडला नसता.

पळशीकर सरांचं काम मोजणीचंही आहे. दिल्लीत १९६३ साली रजनी कोठारींनी एक संशोधन केंद्र काढलं, सीएसडीएस नावाचं. त्याच्या 'लोकनीती' या कार्यक्रमाचे पळशीकर सहसंचालक. मोठ्या निवडणुकीनंतर यांची पोरं-पोरी देशभर हिंडतात. मतदार यादीतून ठरावीक पद्धतीनं नावं काढायची आणि त्याच माणसाच्या घरी जायचं. शेजारचा चांगला बोलतो म्हणून त्याला विचारायचं नाही. मत कुणाला दिलं हे तोंडानं सांगायचं नाही, खोट्या मतपत्रिकेवर खूण करून पेटीत टाकायचं.

नातीनंही एका सर्वेक्षणात असं काम केलंय. ती सांगत होती, एका गावात यादीत एका बाईचं नाव निघालं. ही दारात गेली तर ती म्हणाली, "मले काय इचारता? त्याईले इचारा," आणि आत निघून गेली. ही दारातच बसून राहिली. तास गेला. नवरा, दीर, शेजारी सगळे उत्तरं द्यायला तयार. ही म्हणे, "नाही, नाव काकूंचं आहे." शेवटी त्या बाहेर आल्या आणि पाऊण तास बोलल्या. रेशन, पाणी, दारूचं दुकान... आपल्याला मत आहे हे त्यांना माहीत होतं, म्हणणं आहे हे कुणी विचारलंच नव्हतं. नात म्हणाली, "आजी, त्या दिवशी मला कळलं सरांनी 'माहीत नाही' या उत्तराचा एवढा विचार का करायला सांगितला ते. 'माहीत नाही' म्हणणारा नेहमी अडाणी नसतो गं. कधी कधी त्याला कुणी विचारलेलंच नसतं."

डिसेंबर २००४ मध्ये पळशीकर आणि संजय कुमार यांनी एक लेख लिहिला, त्याचं शीर्षकच प्रश्न आहे. सहभागाची ही रीत किती सर्वदूर पोचलीय? आपल्याकडे गरीब माणूस मत देतो, रांगेत उभा राहून देतो, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. पण मतदानाच्या पुढचं काय? सभेला जाणं, प्रचार करणं, मागणी घेऊन कचेरीत जाणं, संघटना बांधणं. तिथं बाई कुठे आहे, मजूर कुठे आहे? असाच प्रश्न बाहेरच्या देशांतही विचारला गेलाय. १९७८ साली सिडनी व्हर्बा, नॉर्मन नाय आणि जे-ऑन किम या तिघांनी सात देशांचा अभ्यास छापला, त्यात अमेरिका, जपान, नायजेरियाबरोबर आपला भारतही होता. त्यांच्या पुस्तकाच्या नावातच सहभाग आणि समानता शेजारी शेजारी बसवलेत. सहभाग वाढला की समानता आपोआप येते, असं आपण वर्गात शिकवतो. पण पैसा, शिक्षण, ओळखी आणि संघटना ज्याच्याजवळ, तो जास्त भाग घेतो आणि जास्त ऐकला जातो, हेही तेवढंच खरं आहे. संघटना बांधली तर गरिबाचाही आवाज चढतो. पण संघटना बांधायची कशी, तिथंच घोडं अडतं.

का अडतं? त्याचं उत्तर मॅन्कर ओल्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९६५ साली दिलं, असं नात म्हणाली आणि काहीतरी अवघड समजावू लागली. मी म्हटलं, थांब, ही तर आपली बिरबलाची गोष्ट! रात्री हौदात प्रत्येकानं एक घागर दूध ओतायचं. प्रत्येकाला वाटतं, एवढ्या दुधात माझी एक घागर पाणी कुणाला कळतंय. सकाळी पाहावं तर हौदभर पाणी. नात टाळ्या पिटायला लागली. ओल्सनचं म्हणणं तेच. लोक जितके जास्त आणि विखुरलेले, तितकं प्रत्येकाला वाटतं दुसरा करेल. लहान गटात कोण दूध घालतो आणि कोण पाणी ते लगेच दिसतं, म्हणून लहान गट पटकन बांधला जातो.

आता आमच्याकडे बघा. शाळेत आम्ही वीस-बावीस जण. संपात कोण आहे, कोण नाही, हजेरीपटावरच दिसतं. पगार एका तारखेला, मागणी एक, वर्गणी पगारातून. शेतकरी मात्र गावोगाव पसरलेले. एकाची कोरडवाहू, एकाची ओलिताची. कुणाचा कापूस घरात पडून, कुणी चुकाऱ्याची वाट बघतोय, कुणी व्याजानं काढून आधीच विकून मोकळा. त्यांना एका दिवशी एका रस्त्यावर आणणं म्हणजे हौदभर दूध जमवणंच की. ते ज्यांनी जमवलं त्यांना मी अडाणी समजत होते.

म्हणजे त्या दिवशी 'ते वेगळं' म्हणाले ते बरोबरच होतं, फक्त उलट्या बाजूनं. आमचा संप सोपा होता, त्यांचा अवघड. आमचे दरवाजे थोडे तरी उघडे होते. ज्याला साहेबाच्या कचेरीत बसायला मिळतं, त्याला रस्त्यावर बसावं लागत नाही. कारखानदार, मोठे व्यापारी कधी हायवे अडवताना दिसलेत तुम्हाला? त्यांचं काम फोनवर होतं. म्हणून आपल्याला वाटतं दबाव टाकतात ते रस्त्यावरचेच.

रास्ता रोकोनं कुणाचे हाल होत नाहीत असं मी म्हणत नाही. एस.टी.त लेकुरवाळ्या अडकतात, दवाखान्याच्या गाड्या अडकतात. २०२३ च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी कर्मचारी आणि शिक्षक सात दिवस संपावर गेले, तेव्हा दहावी-बारावीच्या परीक्षा चालू होत्या. मी निवृत्त, माझी पेन्शन जुनीच, दर महिन्याला बँकेत येते. ती कुणीतरी कधीतरी भांडल्यामुळे येते हे मला माहीत आहे. त्या आठवड्यात पारावरची माणसं संपवाल्यांना बोलत होती आणि मी गप्प बसून ऐकत होते. कारण १९८६ साली मी तेच बोलले होते, फक्त दुसऱ्यांबद्दल.

आता पुस्तकांबद्दल, कारण शेवटी मी मास्तरीणच. २००५ नंतर दिल्लीच्या एनसीईआरटीनं नवी पाठ्यपुस्तकं केली. त्यांत नववी ते बारावीच्या राज्यशास्त्राचे मुख्य सल्लागार होते योगेंद्र यादव आणि सुहास पळशीकर. नातीनं मला त्यातलं दहावीचं जुनं पुस्तक दाखवलं. एक अख्खा धडा लोकांच्या लढ्यांवर आणि चळवळींवर! बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहरात पाण्याचा कारभार खाजगी कंपनीकडे गेला, दर वाढले आणि लोक रस्त्यावर उतरले, ही २००० सालची गोष्ट. खारपाणपट्ट्यातल्या पोराला ही गोष्ट सांगितली तर काय कान देऊन ऐकेल तो! त्या धड्यात दबावगट होता, पण व्याख्येच्या आधी माणसं येत होती. मी पस्तीस वर्षं व्याख्या आधी शिकवली आणि माणसं आणलीच नाहीत.

या पुस्तकांनी त्यांना सुख दिलं असं मात्र नाही. अकरावीच्या पुस्तकात शंकर यांचं १९४९ सालचं एक व्यंगचित्र होतं, त्यावरून मे २०१२ मध्ये संसदेत गदारोळ झाला. दोघांनी त्याच दिवशी राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी पुण्यात पळशीकरांच्या विद्यापीठातल्या खोलीची तोडफोड झाली. ज्यांना राग आला त्यांच्या भावना खोट्या होत्या असं मी म्हणणार नाही, बाबासाहेबांबद्दल आपण सगळेच हळवे आहोत. पण आयुष्यभर लोकांच्या सहभागाचा अभ्यास केलेल्या माणसाच्या वाट्याला सहभागाचं हेही रूप आलं.

पुढे अभ्यासक्रम कमी करायचा म्हणून २०२२-२३ मध्ये धडे गाळले गेले. दहावीतला तो लढ्यांचा धडा गेला, बारावीतला जनआंदोलनांचाही गेला. जून २०२३ मध्ये दोघांनी पत्र लिहून कळवलं की आता ही पुस्तकं आमची राहिली नाहीत, आमची नावं काढा. पुढच्या वर्षी नव्या छपाईत नावं दिसली तेव्हा पुन्हा लिहिलं. लोक पुस्तकावर नाव यावं म्हणून धडपडतात, यांनी नाव निघावं म्हणून धडपड केली. आपल्या राज्याच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात 'सामाजिक व राजकीय चळवळी' असा धडा आहे, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. माझी एक कळकळीची विनंती, जे कुणी शिक्षक हे वाचत असतील त्यांनी तो धडा शिकवताना वर्गाची खिडकी उघडी ठेवावी.

नात पुण्याला परत गेली. जाताना म्हणाली, "आजी, त्या काकांना भेटून ये ना."

काका म्हणजे तो मुलगा. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. एका संध्याकाळी गेले. पन्नाशी उलटलेला माणूस, अंगणात पऱ्हाटीचा ढीग. मला बघून धावत आला, बाज टाकली, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. मी इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हटलं, "तुला आठवतं का रे, नववीत तुला मी दिवसभर बाहेर उभं केलं होतं?"

तो हसला. "लय जनाइनं उभं केलं बाई मले. कोनाकोनाचं याद ठेवू?"

मला जरा हलकं वाटलं. पण तो थांबून म्हणाला, "दुसऱ्या दिवशी बाबा आल्ते शाळेत. चार खुर्च्या रिकाम्या होत्या. तुमी बाबाले बस नोतं म्हनलं. थे याद हाय."

मी काय बोलणार! मला खुर्च्या आठवतच नव्हत्या. माझ्या आठवणीत त्यांचा प्रश्न होता, उपरण्यावरचं तूस होतं, आणि ते उभे होते हेही होतं. पण ते उभे होते कारण मी बसा म्हटलं नाही, हे माझ्या आठवणीत नव्हतं. 'चुकलं रे माझं' एवढंच म्हटलं. तो म्हणाला, "जाऊ द्या बाई, चहा घ्या." चहा घेतला. साखर जास्त होती, तरी सगळा प्यायले.

निघताना त्यानं विचारलं, "सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेले येता का?"

मंडळी, खरं सांगते, निवृत्तीनंतर मी एकाही ग्रामसभेला गेले नव्हते. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, त्याआधी महिलांची वेगळी सभा, कोरम पंधरा टक्के मतदार किंवा शंभर यांपैकी जे कमी ते... हे सगळं मुलांकडून पाठ करून घेतलेलं. कोरम भरला नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, हेही माहीत. म्हणजे आपण घरी बसलो तरी ठराव होतातच, फक्त आपल्याशिवाय होतात.

गेले. बायका मागे, भिंतीला टेकून. मलाच तेवढी पुढे खुर्ची आणून दिली, "बाई, इकडे बसा." मी बसले नाही. मागे बायकांत सतरंजीवर बसले. गुडघे दुखतात, पण बसले. तो मधे उभा राहिला आणि पिण्याच्या पाण्याचा प्रश्न मांडला, चांगला मांडला. कुणीतरी म्हणालं पुढच्या सभेत बघू. मी हात वर केला आणि म्हटलं, "ठराव आज लिहून घ्या." माझ्या शेजारच्या दोघींनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच हात वर केले. ग्रामसेवकांनी लिहून घेतलं.

पुढे काय होईल माहीत नाही. नातीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, आता तू खरी दबावगटात आलीस!" मी म्हटलं, "तीन जणींचा कसला गं दबाव." पण इतिवृत्तात तो ठराव नीट उतरलाय का ते बघायला पुढच्या सभेला जाणार आहे, आणि त्या दोघींनाही सांगून ठेवलंय.

तुमच्या गावात शेवटची ग्रामसभा कधी झाली? आणि शहरातल्या मंडळींनो, तुमच्या सोसायटीची? तुम्ही होतात का तिथे, आणि कुठे बसला होतात, तेही जरा आठवून बघा.